बोडेगा बे : 'द बर्ड्स'चं गाव बघायला जावं का? काय उरलंय तिथे?

ओलेती
सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या आणि एकूणच जुन्या सिनेमांच्या वेडातल्या मंडळींना विचारायचं आहे. आई येत्या काही महिन्यांत इकडे येते आहे. दिग्दर्शक हिचकॉक हा तिचा जीव की प्राण, त्यातही पक्षी माणसांवर हल्ला करतात तो 'द बर्ड्स' (१९६३). गोल्डन गेट, युनियन स्क्वेअर वगैरे सगळे दाखवतातच. मला तिला बोडेगा बेला न्यायचं आहे, जिथे तो सिनेमा चित्रित झाला. सॅन फ्रान्सिस्कोपासून गाडीने दोन तासांच्या आतबाहेर आहे, म्हणजे एका दिवसात जाऊन येता येईल.

प्रश्न असा की साठ वर्षांनंतर तिथे ओळखू येईल असं काही आहे का? शाळा, धक्का, ब्रेनर कुटुंबाचं घर? नेटवर फोटो आहेत, पण कुठलं कुठे आहे याचा पत्ता लागत नाही. आईला गुडघ्यांमुळे चढ फार चालवत नाही, तेही लक्षात घेऊन सांगा. आणि कोणी दुसऱ्या कुठल्या समुद्रकाठच्या गावात अशी सिनेमाची ठिकाणं शोधत हिंडलं असेल तर तेही लिहा. मला वाचायला आवडेल.

पाणकोंबडी
मस्त धागा! वाचतेय.

बेएरियाकर
अगदी जा. पण आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा : बोडेगा आणि बोडेगा बे ही दोन वेगळी गावं आहेत. बोडेगा बे बंदरावर, आणि बोडेगा तिथून पाचेक मैल आत, टेकड्यांमध्ये. सिनेमात दोन्ही मिळून एकच गाव केलंय. म्हणून लोक बंदरावर शाळा शोधत बसतात आणि सापडली नाही की 'पाडली असेल' म्हणून परत जातात.

शाळा बोडेगात आहे. १८७३ची इमारत, पॉटर स्कूल. आता ते खाजगी घर आहे, तिथे लोक राहतात. रस्त्यावरून बघायचं, फोटो काढायचा, पुढे निघायचं. तिला लागूनच पांढरं लाकडी चर्च आहे, सेंट टेरेसा. गाडी जवळपर्यंत जाते, काकूंना चालावं लागणार नाही.

पेटालुमावरून व्हॅली फोर्डमार्गे आलात तर आधी बोडेगा लागतं, मग बंदर. त्याच क्रमाने बघा.

जुनी_रिळं
माझं मत थोडं वेगळं आहे. राग मानू नका. ज्या सिनेमावर आपला जीव आहे त्याच्या जागा बघायला जाऊ नये. ब्रेनरांचं घर आता नाही. धक्क्यावरचं 'टाइड्स' उपाहारगृह त्याच जागी त्याच नावाने आहे, पण सिनेमातली इमारत गेली आणि आता तिथे मोठं नवं बांधकाम आहे. शिक्षिकेचं, अ‍ॅनीचं घर तर शाळेशेजारी उभारलेला नुसता दर्शनी देखावा होता. बहुतेक अंतर्भाग युनिव्हर्सलच्या स्टुडिओत. मग बघायचं काय? काकूंच्या मनात जे गाव आहे ते जास्त खरं आहे. ते तसंच राहू द्या.

बेएरियाकर
@जुनी_रिळं, घर नाही, पण घराची जागा आहे की. आणि जागेचं नातं पडद्यावर जसं आहे तसंच्या तसं आहे.

सिनेमाची नायिका मेलनी लव्हबर्ड्सचा पिंजरा घेऊन होडीने पलीकडच्या काठावर जाते, गुपचूप ब्रेनरांच्या घरात ठेवून परत निघते. नायक मिच ब्रेनर दुर्बिणीतून तिला बघतो आणि गाडीत बसून किनाऱ्याच्या रस्त्याने वळसा घालून धक्क्यावर तिच्या आधी पोचतो. ती पाण्यातून सरळ, तो रस्त्याने गोल. तो रस्ता आजही आहे, वेस्टशोर रोड. बंदराला अर्धा वळसा घालत बोडेगा हेडच्या टोकाकडे जातो. धक्क्यावर उभं राहून पलीकडे बघा आणि मग गाडी घेऊन त्या रस्त्याने जा. पाण्यापलीकडचं घर किती जवळ दिसतं आणि रस्त्याने किती वेळ लागतो हे अंगाला कळतं. त्या प्रसंगातली शर्यत तिथे गेल्यावर मला पहिल्यांदा नीट समजली. घर पडलं तरी ती समजायला अडत नाही.

नेपथ्य
+१. आणि 'नकली होतं' हे कारण तर जाण्याच्या बाजूचं आहे!

मुलं शाळेतून पळत सुटतात आणि कावळे मागे लागतात तो प्रसंग घ्या. शाळा बोडेगात. मुलं बाहेर पडतात ती त्या शाळेतून. पण उतारावरून धावतात ती पाच मैलांवर, बोडेगा बेमधल्या टेलर स्ट्रीटवर. आणि जवळून दिसणारे चेहरे, पाठीवर बसलेले पक्षी, ते स्टुडिओत सरकत्या पट्ट्यावर धावणाऱ्या मुलांचे, मागे पडद्यावर रस्ता. एका मिनिटाच्या पळापळीत तीन जागा. घरी बसून बघताना सांधा कुठेच जाणवत नाही. दोन्ही गावं बघून आल्यावर तोच प्रसंग परत लावा, प्रत्येक कटला 'इथून तिथे उडी मारली' असं दिसत जातं. संकलन शिकायचं असेल तर याहून चांगला वर्ग नाही.

वरून दिसणारं ते जळतं गाव, ज्यात एकेक कुरव (सीगल) पक्षी चौकटीत उतरत जातो, ते तर गावात कुठेही उभं राहून दिसणार नाही. आग स्टुडिओच्या आवारात लावलेली आणि भोवतालचं गाव अल्बर्ट व्हिटलॉक यांनी रंगवलेलं. शेवटच्या दृश्यात ३२ वेगवेगळे तुकडे एकत्र छापले आहेत. संगणक नव्हता तेव्हा. पक्ष्यांच्या दृश्यांसाठी अब आयवर्क्स यांची सोडियम प्रकाशाची पद्धत वापरली, मिकी माउसच्या सुरुवातीच्या काळात डिस्नेबरोबर होते तेच.

स्वरलिपी
अवांतर : या सिनेमाला नेहमीसारखं पार्श्वसंगीत नाही हे किती जणांच्या लक्षात आलं होतं? शाळेत मुलं गाणं म्हणतात आणि मेलनी पियानो वाजवते, तेवढंच. बाकी पक्ष्यांचे बरेचसे आवाज जर्मनीत ट्राउटोनियम नावाच्या विद्युत वाद्यावर ऑस्कर साला यांनी तयार केले. संगीतकार बर्नार्ड हरमन ध्वनी सल्लागार होते, पण एकही सूर त्यांनी लिहिला नाही. बोडेगात गेलात की शाळेसमोर गाडी बंद करून थोडा वेळ नुसतं ऐका. काकूंना ते आवडेल असं वाटतं.

खारवा
जाता जाता, मूळ कथा कॅलिफोर्नियाची नाहीच. डॅफ्ने द्यू मोरिए यांची, १९५२ची, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरची. हिचकॉकने ती उचलून पॅसिफिकच्या काठावर आणली. त्याला हा भाग आधीच माहीत होता. 'शॅडो ऑफ अ डाउट' त्याने जवळच्याच सॅन्टा रोझात चित्रित केला होता.

टिटवी
पक्ष्यांवरून विषय निघालाच आहे तर लिहिते. मी पक्षीनिरीक्षणासाठी त्या भागात जात असते.

सिनेमाच्या आधी, १८ ऑगस्ट १९६१च्या पहाटे, मॉन्टेरे उपसागराच्या काठी कॅपिटोला भागात खरोखरच शेकडो समुद्रपक्षी घरांवर, दिव्यांवर, गाड्यांवर येऊन आदळले. सूटी शिअरवॉटर जातीचे. लोक विजेऱ्या घेऊन बाहेर आले तर पक्षी प्रकाशाच्या दिशेने येऊ लागले. हिचकॉकचं घर तिथून जवळ होतं, त्याने स्थानिक वृत्तपत्राकडून ती बातमी मागवून घेतली. तेव्हा सगळ्यांनी धुक्याला दोष दिला.

कारणाचा माग लागायला ३० वर्षं गेली. १९९१मध्ये त्याच उपसागरात पेलिकन असेच भेलकांडून मरायला लागले आणि त्यांच्या शरीरात डोमोइक आम्ल हे विष सापडलं. स्यूडो-निट्झशिया नावाचं सूक्ष्म शैवाल ते तयार करतं. शैवाल छोट्या माशांच्या पोटात, मासे पक्ष्यांच्या पोटात, आणि विष थेट मेंदूवर. पुढे शास्त्रज्ञांनी १९६१च्या उन्हाळ्यात जहाजांवरून गोळा करून जपून ठेवलेले प्लवकांचे (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांचे) नमुने काढून तपासले. २०११च्या अखेरीस निष्कर्ष प्रसिद्ध झाला : त्या प्लवकांच्या पोटातल्या शैवालात सुमारे ७९ टक्के विष तयार करणाऱ्या जातींचं होतं.

म्हणजे ते पक्षी हल्ला करत नव्हते, आजारी होते. मला हे कळल्यापासून तो सिनेमा बघताना पक्ष्यांचीच कणव येते. सिनेमा कारण सांगत नाही हे त्याचं बळ आहे, मान्य. पण किनाऱ्यावर उभं राहून हे कारण माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. ते विष आजही येतं, त्यापायी खेकड्यांचा हंगाम पुढे ढकलावा लागतो, सी लायन झटके येऊन मरतात.

पाणकोंबडी
बापरे. टिटवीताई, हे काहीच माहीत नव्हतं. वेगळा धागा काढा ना यावर.

ओलेती
@बेएरियाकर, @नेपथ्य, खूप आभार! वेस्टशोर रोडचं तर पक्कंच झालं.
@टिटवी, आईला हे वाचून दाखवलं फोनवर. ती म्हणाली, 'मग जाळ्यात मेलनी नाही, पक्षी सापडले होते.'

मृण्मयी_के
रंगाचा बेरंग करायचा नाही, पण कोणीतरी हे लिहायला हवं. टिपी हेड्रनचा हा पहिला मोठा सिनेमा. माळ्यावरच्या प्रसंगासाठी यांत्रिक पक्षी वापरू असं तिला सांगितलं आणि प्रत्यक्षात दिवसचे दिवस तिच्यावर जिवंत पक्षी फेकले. डॉक्टरने सक्तीची विश्रांती सांगितली तेव्हा ते थांबलं. दिग्दर्शकाने तिला कसं वागवलं तेही तिने २०१६च्या आत्मचरित्रात लिहिलंय. त्या गावात जाऊन 'वा हिचकॉक' म्हणत फोटो काढताना हे आठवायला नको का?

जुनी_रिळं
याला माझं पूर्ण अनुमोदन. आणि माझ्या आधीच्या मुद्द्यालाही ते लागू आहे. जागेची तीर्थक्षेत्रं झाली की माणसांना झालेला त्रास पुसला जातो.

नेपथ्य
मृण्मयी, आठवायला हवं, शंभर टक्के. पण न गेल्याने ते जास्त आठवेल असं मला वाटत नाही. तो माळा स्टुडिओत होता. बोडेगा बेच्या धक्क्यावर जे उरलंय ते तिचं काम आहे : होडीत एकटी, फरचा कोट घालून, मोटर बंद करून वल्हं हातात घेणारी मेलनी. पहिल्याच मोठ्या सिनेमात एवढा लांब प्रसंग जवळजवळ शब्दाविना तिने पेलला. मी तिथे गेलो ते तिच्यासाठी गेलो असं म्हणेन.

मृण्मयी_के
हे पटलं. भावना पोचल्या.

उत्तरसमुद्र
ओलेती, तुम्ही दुसऱ्या गावांचं विचारलं होतं म्हणून लिहितो. कामानिमित्त काही वर्षं स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबरडीनला होतो. तिथून उत्तरेला पेनन नावाचं खेडं आहे. कड्याखाली घरांची एकच ओळ, घरांच्या निमुळत्या बाजू समुद्राकडे, समोर रस्ता आणि लगेच पाणी. बिल फॉरसाइथच्या 'लोकल हीरो'चं (१९८३) गाव ते. तेल कंपनीचा माणूस गाव विकत घ्यायला येतो आणि लाल टेलिफोन बूथमधून अमेरिकेला फोन करतो. आम्ही सगळे तेलवाले, त्यामुळे आमच्याकडे त्या सिनेमाची पारायणं व्हायची.

गंमत म्हणजे सिनेमातला बूथ चित्रीकरणासाठी आणून ठेवलेला होता. लोक शोधत यायला लागले, आणि गावातला खरा बूथ, जो थोडा बाजूला आहे, तोच मानाचा झाला. आता तो संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे. आणि सिनेमात गावापुढे जो पांढऱ्या वाळूचा किनारा दिसतो तो पेननला नाहीच, तो स्कॉटलंडच्या पार पश्चिम किनाऱ्यावर, कॅमसडारक इथे. बोडेगाचे पाच मैल म्हणजे काहीच नाही.

हसरा_कॅमेरा
फ्रान्समध्ये सें-मार्क-स्यूर-मेर! जाक तातीच्या सिनेमातला ह्युलो सुट्टीला जातो ते गाव (१९५३). समुद्राला लागून असलेलं हॉटेल आहे, किनाऱ्याला ह्युलोचं नाव दिलंय आणि वर त्याचा पुतळा उभा केलाय, कमरेत वाकून किनारा न्याहाळणारा. येणारा प्रत्येक जण शेजारी तसाच वाकून फोटो काढतो. माझाही आहे. आमच्या घरात दिवाणखान्यात लावलाय.

गडकिल्लेवाला
एवढं लांब कशाला, आपला गोव्यातला शापोरा किल्ला आहेच. 'दिल चाहता है'नंतर तरुण मुलं तटावर तीनतीनच्या गटाने बसलेली असतात. पोर्तुगीजांचा किल्ला आहे, खाली नदीचं मुख आहे, हे कोणाला सांगायला जावं तर 'काका, फोटो काढता का?'

पाणकोंबडी
काढलात की नाही? :)

गडकिल्लेवाला
काढला. चांगला आला होता.

स्थिरचित्र
जपानमधलं ओनोमिची. दिग्दर्शक ओझूच्या 'टोकियो स्टोरी'चं (१९५३) बंदराचं गाव. डोंगरउतारावर देवळं, खाली रेल्वे, त्याखाली घरं आणि मग समुद्राची चिंचोळी पट्टी. पत्नी गेल्यावर म्हातारा पहाटे जोदो-जी देवळाच्या आवारात एकटा उभा असतो, सून शोधत येते, आणि तो म्हणतो की पहाट सुंदर होती, आज उकडणार. ते आवार आहे, दगडी दीपस्तंभ आहेत, देवळाच्या पायऱ्या रेल्वेखालून जातात आणि गाडी गेली की पायाखाली हादरा जाणवतो. सिनेमात आगगाडीचा आवाज सतत का येतो ते तिथे उभं राहिल्यावर कळलं. ओझूला तो वेगळा योजावा लागला नसेल. त्या गावात तो असतोच.

@जुनी_रिळं, तुमचा मुद्दा मला समजतो. तरी सांगतो, माझ्या मनातला सिनेमा तिथे गेल्याने कमी झाला नाही.

जुनी_रिळं
आगगाडीचं वाचून थांबलो जरा. एवढं मान्य करतो की जागेला जो आवाज आणि जे अंतर असतं ते पडद्यावरून पूर्ण पोचत नाही. नकली घर बघायला जाऊ नये या मतावर मात्र मी ठाम आहे.

बेएरियाकर
चला, धागा स्कॉटलंड-जपान फिरून आला, आता परत बोडेगा. ओलेती, दिवसाचा आराखडा असा ठेवा :

सकाळी लवकर निघून आधी बोडेगा. शाळा रस्त्यावरून बघा. चर्चकडे जरूर लक्ष द्या, प्रसिद्ध छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने १९५३मध्ये त्याचं छायाचित्र घेतलंय, सिनेमाच्या कितीतरी आधी. मग बंदरावर. टाइड्समध्ये खिडकीजवळ बसा. इमारत नवी असली तरी समोरचं पाणी तेच आहे. भिंतीवर सिनेमाचे फोटो वगैरे बघून काकूंना मजा येईल. टेलर स्ट्रीट गाडीतूनच बघा, चढ आहे.

मग वेस्टशोर रोडने बोडेगा हेड. वाहनतळ अगदी कड्याजवळ आहे, न चालता समुद्र दिसतो. जानेवारी ते मे या काळात आलात तर राखाडी देवमासे जाताना दिसू शकतात. उन्हाळ्यात धुकं फार असतं, सप्टेंबर-ऑक्टोबर जास्त स्वच्छ. वारा कायम, जाड जाकीट हवंच.

टिटवी
त्याच रस्त्यावर टोकाच्या अलीकडे एक तळं लागतं, ते चुकवू नका. स्थानिक लोक त्याला 'होल इन द हेड' म्हणतात. तिथे वीज कंपनी अणुवीज प्रकल्प बांधणार होती आणि सुमारे ७० फूट खोल खड्डा खणूनही झाला होता. भूकंप घडवणारा सॅन अँड्रियास भ्रंश अगदी शेजारून जातो. मच्छीमार, गोपालक, संगीतकार, विद्यार्थी सगळे मिळून वर्षानुवर्षं विरोधात उभे राहिले आणि १९६४मध्ये कंपनीने प्रकल्प सोडला. खड्ड्यात पाणी भरलं. आता तिथे कडेला बोरू वाढलाय आणि आम्ही पक्षी बघायला जातो.

तारखा जुळवून बघा. १९६२मध्ये हिचकॉक या बंदरात पक्ष्यांचा हल्ला चित्रित करत होता तेव्हा याच काठावर खऱ्या संकटाची लढाई चालू होती. गावाने ती जिंकली म्हणून वेस्टशोर रोड आज आपल्याला मोकळा आहे. मला तरी त्या गावातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते, सिनेमापेक्षाही.

नेपथ्य
टिटवी, हे अफाट आहे. त्या तळ्यापाशी गेलो होतो पण फलक वाचला नव्हता, कोणी दाखवलाच नाही.

ओलेती
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं : ऑक्टोबर, आधी बोडेगा, मग बंदर, मग तळं. आईने आत्ताच बजावलंय की शाळेतल्या लोकांना त्रास होईल असा एकही फोटो काढायचा नाही. आणि जाण्याच्या आदल्या रात्री सिनेमा लावायचा की आल्यावर, यावर आमचं अजून एकमत नाही.

नेपथ्य
आल्यावर.

जुनी_रिळं
आदल्या रात्री.

बेएरियाकर
काहीही करा, पण पेटालुमात पेट्रोल भरून घ्या. पुढे पंप फार थोडे आहेत. टेकड्यांमध्ये फोनला रेंजही जाते, नकाशा आधीच उतरवून ठेवा. आणि धक्क्यावर काकूंच्या हातात खायचं काही असेल तर कुरवांवर लक्ष ठेवा, ते सिनेमाशिवायही हातातून पळवतात.